गप्प भोंग्याची शाल

…आणि हळू बोला हं जरा, कारण माणूस आमच्या बाहेरच्या खोलीत बसलाय, आणि कशाला आलाय माहितीये? शाल परत मागायला! हो, शाल! जी स्वतःच्या हातानं, माईकवर नाव पुकारून, फोटोवाल्याला दोनदा थांबवून आमच्या ह्यांच्या खांद्यावर घातली, तीच. सत्काराची शाल परत मागतात का हो कुठं? नारळ मागा एक वेळ, नारळ काय, बाजारात मिळतो. पण शाल? तुम्हाला सांगते, लग्न होऊन कळंबला आले तेव्हापासून लई सत्कार पाहिले, निवडून आलेल्याचा पाहिला, पडलेल्याचा पाहिला, बदली होऊन गेलेल्याचा पाहिला आणि बदली रद्द होऊन परत आलेल्याचा पण पाहिला, पण एखादी वस्तू गप्प बसली म्हणून सत्कार, हा मी पहिलाच पाहिला. आणि ती गप्प का बसली होती, ते तर ऐकाच.

नाय, सुरुवातीपासून सांगते, नायतर तुम्ही म्हणाल, हर्षावहिनी बडबडतीये काय ही.

आमचं घर गावाबाहेर. पेठेतलं लहान पडायला लागलं म्हणून ह्यांनी इकडं बंगला बांधला, समोर ऊस, मागं ऊस, आणि मधून गावात जायची पायवाट. ऊस म्हटला की बिबट्या आलाच, ते आपल्याकडच्या माणसाला काय सांगायचं? बाहेरचे पाहुणे ओझरचं दर्शन झालं की विचारतात, ‘दिसतो का हो खरंच?’ जसं काही त्याचीही दर्शनाची वेळ ठरलेली आहे. तर गावानं काय केलं, भोंगा बसवला. उसाच्या कडेनं खांब, खांबावर कॅमेरे. कॅमेऱ्यात जनावर आलं की ते ह्यांच्या दुकानातल्या कॉम्प्युटरला कळणार, कॉम्प्युटर त्याचा फोटो पाण्याच्या टाकीवरच्या भोंग्याला धाडणार, आणि फोटो पोचला की भोंगा बोंबलणार. भोंगा समितीचे अध्यक्ष हौशीरामभाऊ, म्हणजे हेच, जे आत्ता बाहेर बसलेत ते. आणि सांभाळायचं काम आमच्या ह्यांच्याकडं, कारण कॅमेरे-इंटरनेटचं दुकान गावात एकच, जिनेशशेठचं.

आता बिबट्यासाठी बसवलेला भोंगा वाजायचा कुणासाठी? हौशीरामभाऊंच्या कुत्र्यासाठी! टिप्या त्याचं नाव. रोज दिवेलागणीला तो टिप्या आमच्या पायवाटेवरच्या खांबापाशी यायचा, एक पाय वर करायचा, की टाकीवर भोंगा सुरू. मशीनला चार पाय तेवढे कळायचे, त्यातला एक वर का आहे हे कळायचं नाय. सप्ताहात कीर्तन ऐन रंगात आलेलं, महाराज म्हणतायत, ‘तो हाक मारल्याबरोबर धावून येतो,’ आणि भोंगा! अर्धा मांडव उठून पळाला. गाव वैतागलं, पण एक होतं. सगळ्यांची एक खात्री बसली. गड्यानं पाणी धरायला जावं, बाईनं गवताला जावं, कुणी काठी घेईना, कुणी सोबत शोधीना. विचारलं की म्हणायचे, भोंगा वाजला नाय म्हणजे बिबट्या नाय.

आणि ह्या सगळ्यांत पुढं आमच्या सासूबाई, झमकूबाई. आम्ही जैन, आमच्यात सूर्य मावळायच्या आत जेवण, ते आवरलं की ह्या निघाल्या पायवाटेनं गावात, पोपटलालकाकांच्या माडीवर, तिथं बायकांचं प्रतिक्रमण असतं. प्रतिक्रमण म्हणजे दिवसभरात कुणा जिवाला दुखवलं असेल तर त्याची क्षमा मागायची. क्षमा मागून परत येईपर्यंत अंधार. बरं, बॅटरी न्या म्हटलं तर नाय. का? तर उजेडाला किडे येतात, पायाखाली मरतात, म्हणजे आत्ताच क्षमा मागितली आणि परत पापाचं खातं सुरू. सून बरोबर येते म्हटलं तर नाय, वाटेनं नवकार मंत्र म्हणताना सून मधेमधे बोलते. कंबरेत वाकलेली एवढीशी बाई, अंधारात, उसाच्या कडेनं, एकटी! काही बोललं की एकच, भोंगा वाजला नाय म्हणजे बिबट्या नाय.

असं सगळं छान वैतागात चाललेलं, आणि दुकानातला कॉम्प्युटर खरखरायला लागला. नवा घ्यावा, त्यात काय एवढं? असं मी पण म्हटलं. तर ह्यांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, ‘हर्षा, भोंग्याचा प्रोग्राम ह्या डब्यात नाय. ह्या डब्याच्या पोटात एक सोंगाचा कॉम्प्युटर आहे, त्यात तो आहे.’ सोंगाचा? तर म्हणे हो, जो खरा नाय, नुसता मांडलेला, पण प्रोग्रामला वाटतं आपण खऱ्याच कॉम्प्युटरवर बसलोय. त्या सोंगाच्या कॉम्प्युटरला सोंगाचंच नेटवर्कचं कार्ड, ज्यातून निरोप आतबाहेर जातात, आणि त्या कार्डाला सोंगाची वायर. म्हणजे गावाचा जीव कशावर, तर नसलेल्या कॉम्प्युटरच्या नसलेल्या कार्डावर! मी म्हटलं, लोकांना सांगू नका.

बरं, बंद करून नव्या डब्यात घाला म्हटलं, तर तेही नाय. प्रोग्राम एकदा बंद केला की उठताना पुण्याच्या कंपनीला विचारतो, ‘उठू का?’ आणि ती कंपनी कधीच गुंडाळली. तिनं हो म्हटल्याशिवाय हा उठणार नाय. म्हणजे न्यायचा तर चालता चालता न्यायचा, मांडीवरचं पोर न जागवता दुसऱ्या मांडीवर घेतात ना, तसा. करतात म्हणे असं, रीतसर करतात. ह्यांनी केलं. आमचे हे दुकानाचं कुलूप ओढून बघतात, चार पावलं जाऊन परत येतात, परत ओढतात, असा माणूस, त्यांनी सगळं जपून केलं. सोंगाचं कार्ड नव्या डब्यात तस्संच मांडलं, नाव तेच, नंबर तोच. पोर हललं पण नाय. पडद्यावर सगळे दिवे हिरवे.

आता एकच राहिलं होतं, भोंगा एकदा वाजवून बघायचा. हे तयार होते, पण हौशीरामभाऊ आडवे आले. ‘शेठ, सप्त्याचा काला हाय उद्या. म्हाराज आदीच चिडल्यात. आता वाजला तर आमी तुमच्या दुकानात येऊन बसू.’ हे म्हणाले, भाऊ, एकदाच, जरासाच. ‘जरासा भोंगा आसतो का? हिरवं दिसतंय न्हवं? मग झालं.’ आणि झालं.

भोंगा गप्प. काला झाला, पंगती उठल्या, दुसरा दिवस गेला, तिसरा गेला, भोंगा गप्प. गाव असं खूश, तुम्हाला काय सांगू! ज्याला त्याला वाटलं, नवीन मशीन हुशार आहे, त्याला कुत्रं आणि बिबट्या यांतला फरक कळतो. हे दुकानातून चालत घरी यायचे तर वाटेत दहा जण पाठ थोपटायचे, शेठ, काम एक नंबर. आणि सासूबाई संध्याकाळी निघताना मलाच ऐकवायच्या, बघ, माझ्या लेकानं केलेलं आहे. भोंगा वाजला नाय म्हणजे बिबट्या नाय.

आणि इकडं हे जेवेनात. ताटावर बसून मोबाइलकडं बघत राहायचे. मी म्हटलं, ‘हिरवं आहे ना?’ तर म्हणाले, ‘हिरवं आहे. पण शांतता जास्त आहे.’ आता नवरा असं बोलला की बायकोनं काय करावं? म्हणे प्रोग्रामकडून निरोप येतायत की ‘मी ठीक आहे, मी ठीक आहे,’ पण फोटो एकही नाय. टिप्याचा पण नाय. मी म्हटलं, टिप्याला कळत असेल गाव शिव्या देतंय ते. हसायला म्हणून म्हटलं हो, पण हे हसले नाहीत, आणि मग मलाही ते बरं वाटेना.

तेवढ्यात समितीनं सत्कार ठरवला! हे धावत गेले, भाऊ, सत्कार नको, मला वाटतं काहीतरी बिघडलंय. तर हौशीरामभाऊ सगळ्यांकडं बघून म्हणाले, ‘बघा, केवडा मोटेपणा.’ हे म्हणाले, मोठेपणा नाय, मला खरंच शंका आहे. ‘आन वर नम्रता बी.’ हे जेवढं जेवढं सांगतील की माझं काहीतरी चुकलंय, तेवढी ह्यांची किंमत वाढायला लागली. शेवटी चौकात मांडव पडला, मंडळाचे स्पीकर आले, मिसळीचा बेत ठरला आणि वेळ धरली संध्याकाळची, कारण मळ्यातनं माणसं तेव्हा मोकळी होतात. मी नवी साडी नेसून पुढं बसले. सासूबाईंना म्हटलं, आज तरी थांबा, लेकाचा सत्कार आहे. तर म्हणाल्या, ‘सत्कारानं लागलेला अहंकार पण धुवावा लागतो, मी त्याच्या वाटचंही प्रतिक्रमण करून येते.’ आणि गेल्या.

मग भाषणं. शाल घातली, नारळ दिला, आणि हौशीरामभाऊंनी माईक धरला तो सोडेनात. भोंग्यानं माझी झोप गेली व्हती, म्हणाले, माझ्या टिप्याला लोक धोंडे मारायचे, म्हणाले, आणि मग, अगदी प्रेमानं हो, म्हणाले, ‘आता जिनेशशेठमुळं टिप्यावरचा बी आळ गेला. पर बघा नशीब, भोंगा बंद झाला आन त्योबी रुसला. मशीन बदललं त्या दिवसापासनं घरालाच आला न्हाई.’

लोक हसले, टाळ्या वाजल्या. मी ह्यांच्याकडं बघितलं. ह्यांचा चेहरा असा पांढरा पडलेला, हातातला नारळ घट्ट धरलेला, आणि मांडवाच्या बाहेर, उसाच्या बाजूला, अंधार पडलेला. ‘बाई,’ एवढंच म्हणाले. आईला बाईच म्हणतात हे. आणि स्टेजवरनं उडी मारली. शाल खांद्यावर, नारळ हातात, मागं मी, नवी साडी दोन्ही हातांनी वर धरलेली, आणि मागनं माईकवर आवाज, ‘शेठ कामाला लागलं बघा!’ आणि परत टाळ्या.

पायवाटेला लागलो. मोबाइलचा उजेड पाडला तर वाटेत एक बिस्कीट. पुढं आणखी एक. मुंग्या लागलेली बिस्किटं, काही आजची, काही जुनी, भिजून फुगलेली. मला वाटलं कुणा पोराच्या हातातला पुडा फुटला असेल. हे नुसते पळत होते. खांबापाशी पोचलो. कॅमेऱ्याचा इवलासा दिवा लागलेला. म्हणजे डोळा उघडा होता हो त्याचा, बघत होता सगळं.

आणि खांबाच्या पुढं, घराकडं निघालेल्या सासूबाई दिसल्या. वाकलेल्या, हळूहळू, तोंडानं पुटपुटत. आमचा उजेड बघून वळल्या आणि आधी चिडल्या, ‘बंद कर, किडे येतात.’ हे कसंबसं म्हणाले, बाई, चल, मधे ये आमच्या. तर म्हणाल्या, ‘अरे घाबरतो काय? मी एकटी नाय. हौशीरामचं कुत्रं येतं ना रोज सोबतीला. मागं मागं येतं उसाच्या कडेनं. मी बिस्कीट टाकते, मागं बघत नाय, नवकार तुटतो. पण लई गुणी आहे. एकदाही भुंकलं नाय.’

 वारा नव्हता, पान हलत नव्हतं, आणि त्यांच्या कडेला, दोन माणसं आडवी झोपतील एवढ्याच अंतरावर, तेवढाच ऊस हलला आणि थांबला. आम्ही तिघं एकमेकांना धरून उभे. ह्यांनी एक हात वर केला, त्यात तो सत्काराचा नारळ, फेकायच्या पवित्र्यात, दुसऱ्या हातानं ती शाल आईच्या डोक्यावरून पाठीपर्यंत ओढून घेतली, आणि मला म्हणाले, ‘मोठ्यानं बोल. तुला येतं ते.’ आयुष्यात पहिल्यांदा हा माणूस मला बोल म्हणाला, आणि माझ्या तोंडातनं शब्द फुटेना! मग जे सुचलं ते ओरडायला लागले, पाढे म्हटले, भाजीचे भाव म्हटले, माहेरच्या सगळ्यांची नावं घेतली. असे मागं मागं सरकत, उसाकडं तोंड करून, आम्ही गावाकडं निघालो, आणि कितीतरी वेळ आमच्या बरोबरीनं ऊस हलत होता. मान वळवली की टाकीवरचा भोंगा दिसत होता, ढिम्म. आणि मोबाइलवर? सगळं हिरवं.

सासूबाईंना पोपटलालकाकांकडं बसवलं आणि हे दुकानात घुसले. काय सापडलं ते मला समजेल असं त्यांनी नंतर सांगितलं, आणि तुम्हाला सांगते, ते अगदी स्वयंपाकघरातलंच निघालं. समजा, सासूबाईंकडं तेलाची एकच बरणी, त्यातनंच तळायचं, त्यातनंच कच्चं घ्यायचं, कुठं काय वापरायचं ते त्यांच्या डोक्यात. मी आले, मी दोन बरण्या ठेवल्या. आता त्यांची बरणी माझ्याकडं आली तर मी ओतू कशात? कुणी सांगितलं नाय, तर मी ओतणार एकीत, दुसरी राहणार कोरडी. तस्संच हो! जुन्या डब्यातलं सोंगाचं कार्ड बारके निरोप आणि मोठे फोटो, दोन्ही कसे धाडायचे त्याच्या खुणा एकाच जागी ठेवायचं. नव्यातलं दोन जागी ठेवतं. नाव तेच, नंबर तोच, पण रीत बदललेली. ‘ही बरणी जुन्या घरची आहे, दोन्हींत ओत,’ एवढी एक ओळ नव्या डब्याला आधी सांगायची असते. ती राहिली. बारक्या निरोपाची बरणी भरली, म्हणून ‘मी ठीक आहे, मी ठीक आहे’ चालूच. मोठ्याची कोरडी. सगळे फोटो दारात अडकून पडलेले, एकही भोंग्यापर्यंत गेला नाय. एकदा वाजवून बघितला असता, तर तेव्हाच कळलं असतं.

मग ह्यांनी काय केलं? ती नसलेली वायर नसलेल्या कार्डातनं उपटली, आणि परत खोचली! एवढंच. म्हणजे कार्डानं सगळं पहिल्यापासून मांडलं, दोन्ही बरण्या भरल्या. मी देवाचं नाव घेत होते, हा प्रोग्राम आता ‘उठू का’ विचारतो की काय. नाय विचारलं. आणि भोंगा सुटला.

तुंबलेलं सगळं एकदम सुटलं ना! तिकडं चौकात नुकतीच मिसळ वाढलेली, आणि भोंगा थांबायलाच तयार नाय, एक फोटो, एक बोंब, दुसरा फोटो, दुसरी बोंब. सगळं गाव दुकानावर चालून आलं, हातात पाव तसाच. सगळ्यात पुढं हौशीरामभाऊ, ‘शेठ, आवो आत्ताच सत्कार केला ना तुमचा!’ आमच्या ह्यांनी बाजूला सरून जागा केली. पडदा त्यांच्याकडं फिरवला.

पहिला फोटो टिप्याचा. पाय वर केलेला, नेहमीसारखा. मागं उसात दोन डोळे. पुढच्या फोटोत खांबाचं नुसतं बूड, टिप्या नाय. मग सासूबाई, पाठमोऱ्या, आणि लांब उसाच्या तोंडाशी तो. मग परत सासूबाई, आणि तो. परत सासूबाई. रोजचा एक फोटो, आणि रोज तो थोडा जवळ. शेवटच्यात आम्ही तिघं होतो. नारळ वर धरलेला दिसत होता. तो कुठं होता ते मी बघितलं नाय, मला बघवलं नाय.

लोक एकेक करून निघून गेले. वनखात्याला फोन झाला, त्यांनी पिंजरा लावला, अजून रिकामाच आहे. सासूबाई आता घरीच प्रतिक्रमण करतात, आणि त्या बिबट्याचीही क्षमा मागतात, म्हणे त्याला रोज आशेला लावलं आणि बिस्किटावर भागवलं. पण हौशीरामभाऊ त्या दिवशी लई वेळ थांबले होते. त्या पहिल्याच फोटोपाशी. टोपी काढून तोंड पुसलं, आणि म्हणाले, ‘बाकीच्यात बी टिप्याच हाय त्यो. म्हातारीच्या मागं मागं जातोय. तुमचं मशीनच बिघाडलंय.’ वाईट वाटलं हो मला. मशीन बरोबर आहे म्हणायचं, तर त्यांचा टिप्या गेला ना.

तेव्हापासनं भोंगा रोज दिवेलागणीला वाजतो, त्याच खांबावर, टिप्याच्याच वेळेला. आणि गाव परत लागलंय शिव्या द्यायला, जिनेशशेठला जमलेलं एक काम होतं, तेही बिघडवलं म्हणून. समितीनं ठराव केला, भोंगा वाजतोय तर सत्कार रद्द, शाल परत. ती घ्यायला हौशीरामभाऊ आज आले. मी म्हटलं घ्या बाई, जी शाल त्या अंधारात माझ्या सासूबाईंच्या पाठीवर होती ती घ्या, काही म्हणणं नाय. घडी घालून हातात दिली. उठले, चप्पल घातली, दाराच्या कडीला हात लावला, आणि भोंगा झाला.

ऐकू येतोय ना? अजून चालू आहे. कडीवरचा हात तसाच मागं घेतला, चप्पल काढली, आणि शाल पांघरून बसलेत. सूर्य मावळला, आमची चूल गार झाली, आता ह्या माणसाला मी जेवायला घालू काय? मघाशी विचारलं, भाऊ, काय करायचं? तर म्हणाले, ‘टिप्या आसंल भायेर. मशीनला काय कळतंय.’

टिप्या असेल म्हणतात. पण दार उघडून हाक मारायला काही उठत नायत.